पावती

आठवड्याच्या अंकात या पानावर मला दीड रकाना मिळतो, आणि त्यातल्याही शेवटच्या चार ओळी जागेअभावी उडतात. दिवाळी आली की मात्र संपादकांचे मन मोठे होते. "या वेळी हवे तेवढे लिहा, फक्त काहीतरी गोडधोड असू द्या," असे त्यांचे पत्र आले. माझाही बेत तसाच होता. आमच्या आचऱ्याला नरकचतुर्दशीस 'चावदिस' म्हणतात. त्या दिवशी गुळाचे पोहे, दह्याचे पोहे, नारळाच्या रसातले पोहे असे पोह्यांचे नाना प्रकार होतात. त्यांच्यावर दोन पाने सहज भरली असती. पण पोह्यांच्या आधी तुळशीपुढे कारीट फोडायचे असते आणि त्याची कडू बी जिभेला लावायची असते. लिहायला बसलो तो ती चवच आधी आठवली.

२०२५ च्या दिवाळीतली गोष्ट. नेहमीच्या वाचकांना माझे आचरे एव्हाना पाठ झाले असेल: मालवणच्या उत्तरेचे, समुद्रकाठचे, रामेश्वराचे गाव. आमचे घर वर्षभर बंद असते आणि गणपतीला व दिवाळीला उघडते. भाऊबीज झाली, त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी वहिनी खळ्यात येऊन उभी राहिली. डोक्यावर मासळीची पाटी, मागे तिची बावीस वर्षांची मुलगी, मुलीच्या हातात मोबाईल. ही माझी सख्खी वहिनी नव्हे. तिचा नवरा शाळेत माझ्यापुढे दोन इयत्ता होता, त्या नात्याने ती वहिनी आणि मी भावजी. 'होता' असे लिहिले खरे, पण तो आहे. ठाण्याकडे कुठेतरी दुसरे बिऱ्हाड करून आहे. नऊ वर्षांत गावाला फिरकलेला नाही.

पाटी उतरून ती म्हणाली, "भावजी, तुमच्या फोनावरसून एक फोन करून देशात काय? आमचो नंबर बघलो की ते उचलनत नाय."

"कोणाला?" मी विचारले, आणि विचारल्यावर लक्षात आले की विचारायला नको होते.

काम लाडक्या बहिणीचे होते. मुख्यमंत्री माझी लाडकी बहीण योजना २०२४ च्या जूनमध्ये तेव्हाचे अर्थमंत्री अजित पवार यांनी अर्थसंकल्पात मांडली. ज्या घराचे वार्षिक उत्पन्न अडीच लाखांच्या आत आहे, त्या घरातल्या २१ ते ६५ वर्षांच्या स्त्रीला दरमहा १,५०० रुपये, तिच्या स्वतःच्या बँक खात्यात. विवाहित, विधवा, घटस्फोटित, परित्यक्ता, निराधार, शिवाय घरातली एक अविवाहित मुलगी, अशी सगळ्यांची नावे नियमात आहेत. वहिनीला पैसे येत होते, मुलीलाही येत होते. मग सप्टेंबर २०२५ मध्ये पडताळणी सक्तीची झाली. बाईने आपला आधार क्रमांक भरायचा; लग्न झाले असेल तर नवऱ्याचा, नसेल तर बापाचाही भरायचा. दोघांच्या मोबाईलवर सांकेतिक आकडे येतात, ज्यांना सगळे जग ओटीपी म्हणते. ते भरले की काम झाले.

वहिनीचे आकडे तिच्या हातात येणार होते. दुसरे आकडे ठाण्याला वाजणार होते.

"पैशे माझे, आणि नंबर तेंचो कित्याक?" तिने विचारले. मराठीचा मास्तर म्हणून मला पुष्कळ प्रश्नांची उत्तरे येतात. याचे येईना.

मुंबईच्या आमच्या स्टाफरूममध्ये या योजनेवर फार बोलणे होते. आमच्या कराचे पैसे वाटतात, आता कामाला बाई मिळत नाही, सरळ मते विकत घेतली, असे तीन आक्षेप चहाबरोबर ठरलेले. यांतला तिसरा मला अगदीच टाकाऊ वाटत नाही. पहिले हप्ते ऑगस्ट २०२४ मध्ये राखीपौर्णिमेच्या सुमारास जमा झाले आणि नोव्हेंबरात विधानसभेची निवडणूक झाली. दीड हजारांचे एकवीसशे करू, असे वचनही त्या प्रचारात दिले गेले. निवडणूक झाल्यावर चाळणी आली. २०२५ च्या जुलैत सुमारे २६ लाख नावे अपात्र म्हणून बाजूला काढल्याचे सरकारने सांगितले. त्या सुमारास असेही उघड झाले की १४ हजारांहून अधिक पुरुष बहिणी होऊन पैसे घेत होते. तेव्हा तपासणी नको असे कोण म्हणेल?

पण वहिनीचे दीड हजार कुठे गेले ते मी पाहिले आहे. सकाळी किनाऱ्याला होड्या लागल्या की मासळी रोखीने उचलावी लागते. रोकड नसली की कोणाकडून उसने घ्यायचे, संध्याकाळी परत करायचे, आणि वर चांगले चार बांगडे त्याच्या घरी पोचवायचे. वहिनीने पहिल्या पाच-सहा हप्त्यांना हातच लावला नाही. ते साठवून तिने स्वतःचे भांडवल केले, आणि एक बर्फाची पेटी घेतली. चार बांगडे वाचले. पुढे १ जून ते ३१ जुलै यांत्रिक नौकांना बंदी असते, मासळी तुटपुंजी येते. त्या दोन महिन्यांत तिच्या घरात तांदूळ आला तो याच पैशांतून. हे पैसे कसे खर्च करावेत याचे व्याख्यान तिला कोणी दिले नव्हते, हे बरेच झाले.

योजनेच्या नावातला 'लाडकी' हा शब्द मात्र मला पहिल्या दिवसापासून खुपतो. आदल्याच दिवशी मी बहिणीच्या ताटात पाचशेची नोट घातली होती. भाऊबिजेची ओवाळणी ही भावाच्या खुशीची असते. बहीण ती तिथल्या तिथे मोजत नाही, आणि भावाने एखाद्या वर्षी हात आखडता घेतला तर तिने तक्रार कोणाकडे न्यावी? शिवाय लाडकी आली की कुठेतरी दोडकी असणारच, आपली भाषाच तसे सांगते. तामिळनाडूने सप्टेंबर २०२३ मध्ये अशीच महिना हजार रुपयांची योजना काढली. तिच्या नावात 'उरिमै' हा शब्द आहे. त्याचा अर्थ हक्क. आमच्या शेजारच्या गोव्यात २०१२ पासून गृहिणींना दरमहा रक्कम मिळते, तिचे नाव 'गृह आधार'. हा सगळा शब्दविचार मी त्या सकाळी वहिनीला ऐकविला. ती पाटीवरचे ओले फडके सारखे करीत होती. म्हणाली, "नावाचा काय घेवन बसलात भावजी? पैशे येतत ता बघा."

योजनेच्या नावापुरते तिचे म्हणणे खरे. पण पैसे कोणाच्या नावाने घरात येतात, हे नाव निराळे. त्याची परीक्षा आमच्या कोकणात फार पूर्वी होऊन गेली आहे. तिला मनीऑर्डर म्हणत.

माझे वडील गिरगावात एका पेढीवर नोकरीला होते. दर महिन्याच्या आठ-दहा तारखेला पोस्टमन खळ्यात सायकल लावी आणि आजोबांच्या नावाचा पुकारा करी. आजोबा सही करीत, नोटा दोनदा मोजीत आणि कनवटीला लावीत. आईला चोळखण हवा असला, माझ्या खोकल्याला औषध हवे असले, की ती आजीला सांगे, आजी आजोबांना सांगे. कमावणारा तिचा नवरा, राबणारी ती, आणि मधल्या पैशाला दोन जकातनाके. १९८८ साली, मी आठ वर्षांचा असताना, एका महिन्यात दोन मनीऑर्डरी आल्या. दुसरी पन्नास रुपयांची, आईच्या नावावर. पोस्टमनने तिचे संपूर्ण नाव खळ्यात मोठ्याने घेतले. त्या घरात तिला त्या नावाने कोणी हाक मारीत नसे. मीही ते नाव असे प्रथमच ऐकले. आईने सही केली. आजोबा काही बोलले नाहीत, पण रात्री जेवायला उठले नाहीत. सकाळी आईने त्या नोटा त्यांच्या पूजेच्या तबकाशेजारी ठेवल्या. पुढच्या महिन्यापासून पुन्हा एकच मनीऑर्डर, पूर्वीच्याच नावाने.

आई २०१९ साली गेली. तिची ट्रंक आवरताना तळाच्या कागदाखाली मनीऑर्डरची ती चिठ्ठी निघाली, जी पैसे घेणाऱ्यापाशी राहते आणि जिच्यावर दोन ओळी लिहायला जागा असते. वडिलांनी एकच ओळ लिहिली होती: "हे तुझे तुला." पन्नास रुपये तिच्यापाशी एका रात्रीपलीकडे राहिले नव्हते. चिठ्ठी तिने एकतीस वर्षे जपली.

हा रुसवा आमच्याच घरचा, असे मला पुष्कळ वर्षे वाटे. मग एलिनॉर रॅथबोन या इंग्रज बाईंविषयी वाचनात आले. पहिल्या महायुद्धात सैनिकांच्या बायकांना सरकारकडून थेट भत्ता मिळे. लिव्हरपुलात त्या कामात असताना बाईंनी पाहिले की पैसा हातात आला की बाई घर नीट चालविते, मुले सुधारतात, आणि मुख्य म्हणजे ती कोणाच्या तोंडाकडे पाहत नाही. १९२४ साली त्यांनी यावर ग्रंथ लिहिला आणि पुढची वीस वर्षे मुलांमागे भत्ता मिळावा म्हणून त्या भांडल्या. (आपल्याकडच्या बालविवाहांवरही त्यांनी १९३४ साली पुस्तक लिहिले आहे.) अखेर १९४५ साली पार्लमेंटापुढे विधेयक आले. पहिल्यानंतरच्या प्रत्येक मुलामागे आठवड्याला पाच शिलिंग. त्यात मेख एवढीच होती की पैसे बापाच्या नावे द्यावयाचे होते. माझे आजोबा तिकडेही होते तर! रॅथबोनबाई तेव्हा सत्तरीच्या पुढे होत्या. त्या या एका कलमासाठी हट्टाने उभ्या राहिल्या आणि कलम बदलून पैसे आईच्या नावे झाले. १९४६ च्या ऑगस्टात पहिले हप्ते वाटले गेले. बाई त्याच वर्षी जानेवारीत वारल्या होत्या.

आपण महाराष्ट्रातही या बाबतीत अगदीच मागे नव्हतो. वि. स. पागे यांच्या कल्पनेतून १९६५ साली सांगली जिल्ह्यातल्या विसापूरला एक प्रयोग झाला, १९७२ च्या दुष्काळात त्याचीच रोजगार हमी योजना झाली, १९७७ साली विधिमंडळाने कायदा केला व २६ जानेवारी १९७९ पासून तो अमलात आला. खडी फोडण्याचे काम, त्यात गोडवे गाण्यासारखे काही नाही. पण बाईला पुरुषाइतकीच मजुरी मिळाली आणि ती हजेरीपटावर तिच्याच नावापुढे लागली. शब्दही पाहा: हमी. त्यात लाड नाही. या योजनेसाठी शहरातल्या पगारदारांवर १९७५ साली व्यवसाय कर बसला. तो आजही माझ्या पगारातून महिन्याला दोनशे रुपये कापला जातो. पगारपत्रकावर तो 'पी. टी.' असा छापतात, आणि आमच्या एका नव्या सहकाऱ्याला तो कवायतीचा कर वाटला होता. पुढे १९९० च्या सुमारास याच योजनेला फळबागा जोडल्या आणि आमच्या कोकणातल्या वरकस जमिनींवर आंबा-काजू उभे राहिले. कोकणाचे त्यात भले झाले. मात्र तिथे नाव सातबाऱ्यावरचे लागे, आणि सातबाऱ्यावर बायकांची नावे कितीशी होती, हे कोकणातल्या माणसाला सांगायला नको.

कोकणालाच बोल कशाला लावू? २०२४ च्या सरकारी पाहणीत भारतातल्या बायका घरच्या बिनपगारी कामात दिवसाला सरासरी २८९ मिनिटे घालवतात आणि पुरुष ८८, असे निघाले. हे आकडे मी घरी मोठ्याने वाचून दाखविले. बायको एका बँकेत आहे, कणीक मळता मळता ती म्हणाली, "आणि फ्लॅट कोणाच्या नावावर आहे, ते पण वाच." कर्जाचे हप्ते आम्ही दोघे भरतो. फ्लॅट माझ्या नावावर आहे. असो.

आता कोणी म्हणेल, मग उपाय काय? अर्थशास्त्री मंडळी एक उपाय सांगतात, त्याला 'सार्वत्रिक मूलभूत उत्पन्न' असे पगडी घातलेले नाव आहे. अर्थ साधा: प्रत्येक माणसाला, माणूस म्हणून, ठराविक रक्कम द्यावी. गरीब आहेस का, काम करतोस का, कोणाचा कोण आहेस, हे विचारू नये. २०१६-१७ च्या केंद्र सरकारच्या आर्थिक पाहणीत यावर एक संबंध प्रकरण आहे. सर्वांना देणे झेपत नसेल तर निदान स्त्रियांपासून आरंभ करावा, खर्च निम्म्यावर येईल, असाही विचार त्यात आहे. मध्य प्रदेशातल्या काही खेड्यांत 'सेवा' संस्थेने २०११ च्या सुमारास असे करूनही पाहिले. दर माणशी महिना २०० रुपये, पुढे ३००, ज्याचे त्याच्या खात्यावर. आणि मुलांचे त्याच्या निम्मे, ते आईच्या खात्यावर.

या 'सार्वत्रिक' शब्दाचा अर्थ आमच्या गावाला अर्थशास्त्रावाचून ठाऊक आहे. दर तीन-चार वर्षांनी रामेश्वराचा कौल घेऊन आचऱ्याची गावपळण होते. तीन दिवस, तीन रात्री सबंध गाव गुराढोरांसकट वेशीबाहेर राहुट्या-झोपड्या बांधून राहतो. खोत असो, खलाशी असो, सगळे बाहेर. रामेश्वर कोणाकडे उत्पन्नाचा दाखला मागत नाही. (चुली मात्र वेशीबाहेरही बायकांनाच पेटवाव्या लागतात. देवालाही सगळे एकदम जमत नाही.)

सरकारचे तसे नाही, कारण सरकारची तिजोरी मोजकी. नुसत्या या एका योजनेला पहिल्या अर्थसंकल्पात वर्षाचे ४६ हजार कोटी रुपये धरले होते. म्हणून निवड आली. फक्त गरिबाला द्यायचे, तर बाई कोणत्या घरची ते विचारावे लागते, आणि घर विचारले की दारात नवरा उभाच. त्याचे उत्पन्न पाहायचे तर त्याचा आधार हवा, आधार हवा तर त्याचा मोबाईल हवा. कोणी दुष्टपणाने हे केले असे मला वाटत नाही. हिशेबनीसाने हिशेब नीट मांडला आणि जिथे बेरीज झाली तिथे माझे आजोबा बसलेले निघाले. मला सर्वांना देण्याची कल्पना पटू लागली ती दयेने नव्हे, या एका कारणाने. जिथे कोणालाच काही विचारायचे नाही, तिथे बाईलाही 'तू कोणाची' हे विचारावे लागत नाही. पैसे कमी द्या हवे तर. दीड हजारांचे हजार करा. पण मधला माणूस काढा.

पुढे नोव्हेंबरात पडताळणीची मुदत ३१ डिसेंबर २०२५ पर्यंत वाढली, आणि ज्यांचा नवरा किंवा बाप हयात नाही किंवा ज्यांचा घटस्फोट झाला आहे, त्यांना मृत्यूचा दाखला अथवा कोर्टाचा कागद देऊन वाट मिळाली. हे चांगलेच झाले. पण टाकलेल्या बाईकडे कागद कुठला? मेल्याचा दाखला मिळतो, मोडल्याचा हुकूमनामा मिळतो. टाकल्याची पावती कोणी देत नाही.

मी सांगतो आहे ती सकाळ तर ऑक्टोबरातली होती. ही वाटही तेव्हा निघालेली नव्हती. मुलगी पायरीवर बसून मोबाईलवर आकडे भरीत होती. तिच्याजवळ बापाच्या आधार कार्डाची एक जुनी, विटलेली झेरॉक्स होती. मी नंबर लावला आणि वहिनीला ऐकू जावे म्हणून आवाज मोठा केला.

"अरे तू? कधी आलास गावाला?" तो खुशीत होता. चार शब्द शाळेचे झाले. मग मी काम सांगितले.

"देतो की," तो म्हणाला. "किती मिळतात रे तिला?"

"दीड हजार."

"आणि पोरीला?"

"तेवढेच."

"म्हणजे तीन झाले." तो थोडा थांबला. "मग त्यात माझे काय? निम्मे पाठवायला सांग, आत्ता नंबर देतो."

मी काय बोलावे? हक्क आणि ओवाळणी यांतला फरक अर्ध्या तासापूर्वी मी याच खळ्यात समजावून सांगत होतो. आता मी म्हणत होतो, "अरे, सणाचे दिवस आहेत. असे काय करतोस? दे ना बाबा." माझा आवाज मलाच ओळखू येईना. आई आजीला चोळखणाचे सांगे तेव्हा असाच आवाज काढी.

"ऱ्हवांदे भावजी," वहिनी म्हणाली. "बंद करा तो फोन."

मी बंद केला. तिने पदर खोचला, चुंबळ डोक्यावर ठेवली. "सौंदाळे आसत, व्हये?" तिने माझ्या बायकोला विचारले. सौंदाळे घेतले, पैसे दिले, सुटे परत आले. पाटी चढवून ती खळ्याच्या कडेपर्यंत गेली, तिथे थांबली आणि मागे वळली. पाटी पुन्हा खाली आली.

"माझा ऱ्हवांदे. चेडवाचा तेवढा करून घेवया. परत लावा."

"आये, नको," मुलगी म्हणाली.

"तू गप. नर्सिंगची फी खंयसून भरूची?"

मी पुन्हा नंबर लावला. या वेळी मी विनवणी केली नाही. नुसते सांगितले की हे मुलीचे आहे, तिचे शेवटचे वर्ष आहे. पलीकडे बराच वेळ कोणी बोलेना. मग त्याने आकडे सांगितले, एकेक करून, मध्ये थांबत थांबत. सगळे सांगून झाल्यावर म्हणाला, "उंच झाली काय रे ती?"

मी मुलीकडे पाहिले. ती मान खाली घालून आकडे भरीत होती.

"झाला," ती म्हणाली, आणि तिने मोबाईल पिशवीत टाकला. मी पाटीला एका बाजूने हात लावला, तिने दुसऱ्या. वहिनी मान ताठ करून उभी राहिली, पाटी डोक्यावर बसल्याची तिने खात्री करून घेतली, आणि "सौंदाळे घेवाऽ, ताजे सौंदाळेऽ" करीत वरच्या वाडीकडे गेली.